बेबाअक्का गप्प बसली ती सकाळ

बेबाअक्काला मी पाहिलं नंतर, ऐकलं आधी.

शिंदखेड्याला पॅसेंजरमधून उतरून, काळीपिवळीत कोंबून घेत मी आणि माझा मावसभाऊ प्रशील त्या गावच्या फाट्यावर उतरलो, तोच बाजरीच्या वावरातून अशी काही आरोळी आली की प्रशीलच्या हातून लेन्सचं झाकण चिखलात पडलं. "साप चावला की काय कुणाला!" तो म्हणाला. कुणाला काही चावलं नव्हतं. वावराच्या मधोमध चार खांबांच्या मचाणावर एक बाई लुगडं खोचून उभी होती आणि भोरड्यांचा थवा हाकलत होती. आरोळी विरते न विरते तोच तिच्या डोक्यावर गोफण गरगरली, फट्दिशी आवाज झाला आणि तो सगळा थवा उठून शेजारच्या वावरात गेला. तिथून आणखी कुणी ओरडून तो पुढच्या वावरात पाठवला. बाजरीच्या कणसात दूध भरायला लागलं की या भागातली सकाळ अशीच असते. अर्धं गाव मचाणावर आणि मचाणावरचं सगळं गाव ओरडतंय.

गावाचं नाव मी सांगणार नाही, रागावू नका. दुर्मीळ पाखराची बातमी फुटली की हौशी लोक गाड्या घेऊन येतात, गवत तुडवतात, पाखराला पळवून लावतात आणि वर त्याचा फोटो टाकून वाहवा मिळवतात. तेव्हा शिंदखेड्याच्या पुढे, एवढंच पुरे.

मी पिंप्राळ्याची संघमित्रा. औषधांचं दुकान चालवते आणि सुट्टी मिळाली की पाखरं बघत हिंडते. "विहारात यायला हिला वेळ नाही, चिखलात लोळायला आहे," असं माझी आई पार्वताबाई अख्ख्या कॉलनीला सांगते. आई खोटं बोलत नाही. प्रशील अमळनेरचा, लग्नाचे फोटो काढतो. पाखराचाही फोटो तो नवरीसारखाच काढायला बघतो, म्हणजे मान जरा इकडे, नजर जरा खाली. पाखरं ऐकत नाहीत म्हणून तो त्यांच्यावर चिडतो.

त्या वर्षी वनखात्याने एक चांगलं काम काढलं होतं. गावकरी आणि आमच्यासारखे स्वयंसेवक यांनी मिळून रानातल्या पाखरांची नोंद ठेवायची. आमच्या वाट्याला आला तणमोर! कोंबडीएवढं पाखरू. गवतात बसलं तर हातभरावरूनही दिसायचं नाही. पण पावसाळ्यात नराला काय होतं कोण जाणे, तो गवतातून सरळ वर उडी मारतो, पंख फडफडवतो, बेडकासारखं टर्र करतो आणि परत गवतात पडतो. कशासाठी, तर कुठेतरी बसलेल्या मादीने आपल्याकडे बघावं म्हणून. पुन्हा उडी, पुन्हा टर्र. आपल्या भागात तो इतका विरळा झालाय की मी त्याला फक्त चित्रात पाहिलं होतं. आदल्या दिवशी दुकानात माझं इतकं लक्ष उडालं होतं की पोट दुखणाऱ्या माणसाला मी खोकल्याचं औषध द्यायला निघाले होते. त्यानेच हात धरला.

मारुतीच्या पारावर बैठक होती. गावच्या वनसमितीचे अध्यक्ष चुडामण नाना पांढरी टोपी सारखी करत मधोमध बसले होते आणि शेजारी त्या भागाचे वनक्षेत्रपाल, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणायचे. साहेबांनी तणमोराचं चित्र दाखवलं आणि विचारलं, "हे पाखरू इथे कुणी पाहिलंय का?"

कुणी बोलेना. जंगलातलं काही पाहिलं असं खात्याच्या माणसापुढे कबूल केलं की पुढचा फेरा आपल्याच मागे लागतो, हे गावोगाव सगळ्यांना माहीत. माना खाली. नाना आभाळाकडे बघताहेत. आणि बायकांमधून तो मघाचाच आवाज आला.

"देखेल काय, खायेल शे!"

साहेबांचा चहा बशीत सांडला. "बेबा, चूप!" नाना दातओठ खाऊन म्हणाले.

"काब्र चूप? साहेब इचारतस, मी सांगस. मना बाप मारीसन लये. कोंबडापेक्षा गोड लागे! मी लहान व्हतू. गवतमातून उडी मारस, टर्र करस, परत पडस. तेच ना?"

क्षणभर काय होतंय ते कुणालाच कळेना. मग साहेब हसायला लागले, ते इतके हसले की पार हसला. मी मात्र हसत नव्हते. मी जागची उठून त्या बाईच्या पुढ्यात जाऊन बसले होते. "अक्का, कुठे? कुठे उडी मारायचं?" तिने गावामागच्या माळाकडे हात केला. "आते बी असीन," ती म्हणाली. "पन आते खावाना नही. कायदा शे."

ही बेबाबाई. साठीच्या अलीकडची, काळीसावळी, हाडापेराने मजबूत. तिच्या आवाजाचे गावात किस्से होते. कानबाईच्या मिरवणुकीत गाणी सांगायला हीच पुढे, आणि हिला माईक देत नाहीत, कारण माईक फाटतो. शेजारच्या गावातल्या बहिणीला ती मोबाइलवर बोलते तेव्हा मोबाइल कशाला लागतो, असं पोरं विचारतात. तिचा नवरा वना मात्र कधी बोलताना कुणी ऐकला नव्हता. "ते बोलत नाहीत का?" मी एकदा विचारलं. "बोलू देस कोन?" बेबाअक्काच म्हणाली आणि स्वतःच खदखदून हसली. वनाकाका तंबाखू मळत होते. तेही हसले, पण आवाज न करता.

तिचा जीव दोन म्हशींत होता. एक मोरी आणि एक चांदी. चांदीच्या अंगावर पांढरा केस नावाला नव्हता, तरी ती चांदी, कारण बेबाअक्काला ते नाव आवडायचं. या म्हशी पोसल्या जात होत्या माळाच्या गवतावर. आणि त्याच माळावर गंडांतर आलेलं होतं.

साहेबांनी ते पारावर सरळच सांगितलं. माळ खात्याचा होता. तिथे रोपवन मंजूर झालं होतं. पोळ्यानंतरच्या सोमवारी मशीन येणार, गवतात चर खणणार, रोपं लागणार आणि भोवती तारेचं कुंपण पडणार. "झाडं लावणं वाईट नाही," साहेब म्हणाले, "पण गवताचं रान हेही रानच असतं, हे मला पटतं. इथे तणमोर नाचतो हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, नोंद झाली, तर हा तुकडा सोडा असं मला ठासून लिहिता येईल. मशीन थांबवता येईल. नुसत्या ऐकीव गोष्टीवर नाही येणार." म्हणजे पोळ्यानंतरच्या सोमवारपर्यंत पाखरू दिसलं तर माळ राहणार, नाही तर जाणार. आणि माळ गेला की म्हशी गेल्या. दोंडाईच्याचा रुपचंद व्यापारी त्या बघूनही गेला होता. त्यालाही बेबाअक्काने तोच सोमवार दिला होता. "कुंपन पडनं की म्हशीसले काय घालू? मनं लुगडं?" ती म्हणाली. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईने हे वाक्य मात्र हळू म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही माळावर बसलो. पद्धत अशी की माणसांनी अंतरा-अंतरावर गवतात दडून बसायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि पाखरू उडी मारेल तिकडे लक्ष ठेवायचं. बेबाअक्का माझ्याशेजारी होती. ओठ आत घेऊन, हात मांडीखाली दाबून, अगदी शाळेत बसवल्यासारखी. मला तर तिचं कौतुक वाटलं. आभाळ भरलेलं, गवत ओलं, वारा पडलेला. सगळं जमून आलं होतं. आणि गवताच्या पलीकडे, थोडं उजवीकडे, मला ऐकू आलं. टर्र!  मी प्रशीलकडे पाहिलं, त्यानेही ऐकलं होतं. आता उडी मारणार, आता मारणार...

त्याच घडीला बेबाअक्काच्या वावरातून उठलेला भोरड्यांचा थवा चुडामण नानांच्या बाजरीवर उतरला. बाजरी नानांची, म्हशी हिच्या, पाखरू सरकारचं. हिचा त्या बाजरीशी काडीचा संबंध नव्हता. पण मला तिची मान ताठ झालेली दिसली. "अक्का, नाही," मी पुटपुटले. "अक्का, नाही हं..."

"हाऽऽऽऽ रे हाऽऽऽऽ!"

माळावरची चिमणी न् चिमणी उडाली. टिटव्या बोंबलत सुटल्या. ससा प्रशीलच्या पायावरून पळाला. टर्र बंद. अख्खी सकाळ गेली.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगायला हवं होतं. मी तिला नको नको ते बोलले. तुम्हाला तुमच्या म्हशी नकोत का, मी दुकान टाकून इतक्या लांबून येते ते काय तमाशा बघायला का, तोंडाला कुलूप लावता येत नसेल तर घरी बसा. ती खाली मान घालून ऐकून घेईल असं मला वाटलं असेल, तर ते माझंच चुकलं.

"मनं तोंड काय मनं ऐकस?" ती उसळली. "जल्मभर राखन करेल शे मी! भोरड्या उतरन्यात म्हंजे वरडनं पडस. बाजरी कोनी शे ते कोन देखस? आनि तू काय देखी राह्यनी व्हती? खाले गवतमा बसीसन तुले काय दिसस? गवतच ना? देखनं व्हई तर वर चढ!"

मी तोंड उघडलं ते पुढचं भांडण करायला, आणि तसंच उघडं राहिलं. वर चढ! माळाच्या तिन्ही बाजूंना बाजरी होती आणि प्रत्येक वावरात मचाण होतं. मचाणावर सकाळभर माणूस होता. माळ वरून दिसतो अशा इतक्या जागा, सगळ्या आयत्या बांधलेल्या, आणि आम्ही शहाणे खाली ओल्या गवतात डोकं खुपसून बसलो होतो! मी तिला मिठी मारली. "हाई येडी शे का?" तिने प्रशीलला विचारलं. "थोडी," तो म्हणाला.

मग जी काही धमाल सुरू झाली! गोष्ट साधी होती. राखणीला बसलेल्याने भोरड्यांवर एक डोळा ठेवायचा आणि माळावर दुसरा. पाखरू उडी मारताना दिसलं की ओरडायचं नाही, कापड वर धरायचं. दोन मचाणांवर एकदम कापड वर गेलं की समजायचं, दोघांना एकच उडी दिसली. मग मी त्या दोन मचाणांवरून मोबाइलने दिशा घ्यायची, दोन्ही दिशा जिथे मिळतील तिथे पाखराचं ठिकाण. कापडाची कल्पना माझी, आणि तिचा मला आजही गर्व आहे.

पहिल्या दिवशी कापडंच कापडं! निंबा नावाचा एक उत्साही गडी होता. त्याचा पिवळा टॉवेल खाली येईचना. घार दिसली, टॉवेल वर. बगळा दिसला, टॉवेल वर. एकदा तर त्याची बायको न्याहारी घेऊन येताना दिसली तेव्हाही वर. प्रशील टॉवेलामागे धावून धावून रडकुंडीला आला. त्याच्या कॅमेऱ्यात नुसतं आभाळ आणि गवत. "नवरी दर वेळी मंडपातून पळून गेल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला.

मग नियम केला, सरळ वर जाऊन त्याच जागी खाली पडलं तरच कापड. आणि पहिलं खरं कापड उचललं वनाकाकांनी. डोक्यावरची टोपी काढून, हात उंच करून, शांतपणे. समोरच्या मचाणावरून त्याच क्षणी नानांच्या सुनेचा, हेमांगीचा लाल रुमाल वर आला. मला मचाणाची शिडी सापडेना, मी खांबाला धरूनच वर चढले. "काका, पाहिलंत? खरंच पाहिलंत?" वनाकाकांनी मान हलवली. मग मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा शब्द ऐकला. "कायं-धवयं," ते म्हणाले. काळं-पांढरं! तणमोराचा नर काळा-पांढराच असतो. मी मचाणावर नाचले, तेव्हा ते मोडता मोडता राहिलं.

साहेबांना फोन केला. त्यांचं उत्तर ठरलेलं. "फार छान. पण मी स्वतः बघणार." ते दोनदा आले, दोन्ही वेळा पाखराने दांडी मारली. पोळा जवळ येत होता. प्रशीलच्या फोटोत एकदा एक काळा ठिपका आला, त्याला तणमोर म्हणणं आणि माशी म्हणणं सारखंच होतं.

मी डोकं खाजवत राहिले. कापडं वर जायची ती कधी? एकदा बाजाराच्या दिवशी गेली, तेव्हा राखणीला माणसं कमी होती. एकदा गावात बारशाचं जेवण होतं त्या सकाळी. एकदा पहाटेच पाऊस पडून गेला आणि लोक उशिरा आले तेव्हा. म्हणजे जेव्हा शिवारात ओरडा नव्हता तेव्हाच! पाखरू रोज नाचायला बघत होतं आणि रोज चहूबाजूंनी आरोळ्या, डबे आणि गोफणी. त्याची टर्र त्याच्या मादीला तरी कशी ऐकू जाणार?

मी हे बेबाअक्काला सांगितलं तेव्हा ती म्हशीचं दूध काढत होती. तिला ते अजिबात पटलं नाही. "आमना बाप-आजा बी वरडेत. तवय पाखरू नही व्हतं का?" तिने धार जोरात मारली. मी म्हटलं, तेव्हा माळ केवढा होता आणि आता केवढा उरलाय? तेव्हा त्याला लांब जायला जागा होती, आता आहे का? ती चांदीच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. तिला गप्प बसलेलं बघून मला भीतीच वाटली.

पोळ्याला बैल मिरवून झाल्यावर सगळं गाव पारावर होतं. बेबाअक्का उठली. "सोमवारे साहेब येतस," ती म्हणाली. "त्या सकायले बठ्ठा चूप बसा. वरडनं नही, डबा नही, गोफन नही. साहेब देखीसन जातीन तवलोंग."

गलका झाला. बाजरी ऐन दुधात, आणि भोरड्यांना मोकळं सोडायचं? तासाभरात कणसं नागडी होतील. सगळ्यात मोठ्याने चुडामण नाना बोलले, कारण सगळ्यात मोठं वावर त्यांचं. म्हशी तुझ्या, आणि बाजरी आमची जाणार होय?

"माळले लागीसन पहिलं वावर कोनं शे?" बेबाअक्काने विचारलं. "मनं. भोरड्या पहिले कोठे उतरतस? मनाच वावरमा. मी वरडनी नही तर त्या तठेच बसतीन, पोट भरीसन खातीन. तुमनालोंग येवाले त्यासले सवडच नही!"

 तिचं म्हणणं खरं होतं. रोज पहिली आरोळी तिची असते म्हणूनच थवा पुढे सरकतो. तीच गप्प बसली तर झळ पहिली आणि सगळ्यात मोठी तिलाच. मला हे आधी सुचलंच नव्हतं. तिची बाजरी म्हणजे त्यांची वर्षाची भाकरी.

"आनि तू चूप बसशी?" नानांनी विचारलं.

"बससु."

"बेबा चूप बसनार!" मागून निंबा ओरडला. "नाना, हाई तर देखनंच पडी!" आणि हशा पिकला. गाव राजी झालं ते थोडं तिच्या बोलण्यावर आणि बरंचसं ही मौज बघायला मिळेल म्हणून, हे मला मान्य करायला हवं.

सोमवारी आभाळ पुन्हा भरून आलं होतं. साहेब वेळेवर आले. बेबाअक्काच्या मचाणावर ती, साहेब आणि मी, खाली प्रशील. सगळ्या वावरांतून माणसं आपापल्या मचाणावर चढली होती, आणि कुणी ओरडत नव्हतं. मी असं शिवार कधी ऐकलं नव्हतं. गवताची पाती एकमेकांवर घासलेली ऐकू येत होती. लांब कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घाटी वाजली, तीही कुणीतरी धरली असावी, कारण लगेच थांबली.

भोरड्या आल्या. माळावर एक वळसा घेऊन थेट आमच्या खाली, तिच्या बाजरीत उतरल्या. कणसं वाकली. कलकल कलकल करत त्या खायला लागल्या. बेबाअक्काने पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. तिचे डोळे बाजरीवर होते. मी तिचा हात धरला, तो दगडासारखा कडक झाला होता. पाखरू काही उडी मारेना. भोरड्या खाताहेत, आम्ही बघतोय. साहेबांनी घड्याळ पाहिलं.  मी मनातल्या मनात त्या पाखराला इतक्या शिव्या घातल्या की त्याने माझ्यावर नाराज होऊन उडी मारली नसती तरी मी समजू शकले असते.

आणि रस्त्याकडून घरघर आली. मशीन! त्याला नंतरची वेळ दिली होती आणि ड्रायव्हर हौसेने लवकर आला होता. साहेब फोन लावायला लागले, तिथे रेंज मिळेना. घरघर वाढत होती. आता सगळं संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात वावराच्या कडेने कुणीतरी पळताना दिसलं. वनाकाका! हा माणूस पळू शकतो हे मला माहीतच नव्हतं. ते रस्त्यात मधोमध जाऊन उभे राहिले, हात जोडले. काय बोलले कोण जाणे, पण बोलत होते. लांबून त्यांचे हात हललेले दिसत होते, तोंड सारखं हललेलं दिसत होतं. घरघर बंद झाली. ड्रायव्हर खाली उतरला आणि वनाकाकांनी त्याच्यापुढे तंबाखूची डबी धरली.

पुन्हा शांतता. आणि मग, इतक्या जवळ की मी दचकले, टर्र!

गवतातून ते वर आलं. काळं, पांढरं, डोक्यामागे बारीक पिसांचे तुरे, पंख इतके जोरात फडफडत की दिसतच नव्हते. क्षणभर हवेत, आणि खाली. "अरे!" साहेब म्हणाले. नुसतं "अरे!" समोर हेमांगीचा लाल रुमाल वर गेला. निंबाचा पिवळा टॉवेल वर गेला. नानांनी टोपी उंच धरली. पुन्हा उडी! माळाच्या तिन्ही बाजूंना कापडं फडकत होती आणि एका माणसाच्या तोंडून शब्द नाही! साहेबांनी माझा खांदा इतका गच्च धरला की नंतर दुखत होता. पुन्हा उडी, पुन्हा! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या पाण्यामुळे चौथी का पाचवी उडी मला नीट दिसलीच नाही. खालून प्रशीलचा कॅमेरा खटाखट वाजत होता. या वेळी नवरी मांडवात आली होती.

साहेब खाली उतरले, रेंज मिळेपर्यंत बांधावरून चालत गेले, आणि आम्हाला लांबून त्यांचं बोलणं ऐकू आलं. मशीन परत पाठवतोय. हो, मी स्वतः पाहिलं. रोपवनाला दुसरी जागा सुचवतो, लेखी आजच देतो. मग ते परत आले. बेबाअक्का मचाणावरून उतरून शिडीपाशी उभी होती. पदर अजून तोंडातच होता. काढायचा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीच तो ओढून काढला.

"अक्का, माळ राहिला," साहेब म्हणाले.

तिला ते उमगेना. "गवत कापू देशात का?" तिने विचारलं.

"पाखरांची वीण संपू द्या, दिवाळीच्या आसपास. मग कापा. तोवर कडेचं घ्या, मधलं सोडा."

तिने मान डोलावली. साहेबांनी बाजरीकडे पाहिलं. पुढच्या ओळींच्या कणसांत काही उरलं नव्हतं, आणि भोरड्या अजून खातच होत्या. ते ओशाळले. "नुकसान बरंच झालं. पंचनामा करायला सांगू का?"

"पंचनामामा कोनं नाव लिखशात?" बेबाअक्का म्हणाली. "भोरडीनं?"

आणि मग ती शिडीच्या खालच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. वनाकाका परत आले होते. ते तिच्याजवळ उभे राहिले, काही न बोलता. आज त्यांचा बोलायचा वाटा संपला होता. मीही रडत होते, म्हणून मला तिला काही समजावता आलं नाही.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि माझ्यापुढे हात केला. "तुना फोन दे. रुपचंदले लावनं शे. तो निंघेल व्हई."

नंबर तिला पाठ होता. बांधावर रेंज मिळाली तिथून मी लावून दिला. पलीकडून हॅलो आलं असावं. बेबाअक्का ताठ उभी राहिली, फोन तोंडासमोर आडवा धरला आणि छाती भरून श्वास घेतला.

"रुपचंदभाऊ! येऊ नको! म्हशी इकत नही मी! मोरी बी नही आनि चांदी बी नही!"

बाजरीतल्या सगळ्या भोरड्या एकदम उठल्या आणि माळावरून दोंडाईच्याच्या दिशेने गेल्या. तिचं लक्षही नव्हतं. ती फोनवर रुपचंदला मोरीच्या दुधाबद्दल सांगत होती.